विकृतिशास्त्राचे आद्य संघटक : डॉ. वसंत रामजी खानोलकर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे द्यावयाची प्रथा जुनी आहे, आणि त्या प्रथेनुसार संत, सेनानी, नाटककार आणि गायक यांची आठवण आपण अशा प्रसंगी आवर्जून करतो. ते योग्यच आहे. परंतु या वेळी आम्ही एका अशा मराठी पुरुषाचे चरित्र निवडले आहे, की ज्याचे नाव आपल्या घरांतून फारसे निघत नाही, मात्र ज्याच्या कार्याचे ऋण आपल्यापैकी अनेकांच्या घरांवर आहे. जबलपुरातून इटारसीमार्गे मुंबईला जाणारी गाडी धरावी, पिशवीत तपासणीचे कागद असावेत, आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना बरोबरच्या माणसाने रुग्णाचा हात घट्ट धरावा, हा अनुभव घेतलेली घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. तेथे गेल्यावर रुग्णाला शस्त्रक्रिया करणारा वैद्य भेटतो, किरणोपचार करणारा भेटतो, परिचारिका भेटते. ज्याच्या शब्दावर हे सारे अवलंबून असते तो मात्र कधीच भेटत नाही. तो आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकून मांसाच्या एका कणाकडे पाहत असतो, आणि ही गाठ साधी की मारक, याचा निर्णय कागदावर लिहून खाली सही करतो. या न दिसणाऱ्या वैद्याच्या शास्त्राला विकृतिशास्त्र म्हणतात, आणि ते शास्त्र आपल्या देशात ज्यांनी स्वतःच्या पायांवर उभे केले ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

रोग बरा करणे ही एक विद्या आहे आणि रोग मुळात होतो कसा, याचा शोध घेणे ही दुसरी. या दोहोंत भेद आहे हे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उमगले. जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ साली असे प्रतिपादन केले, की व्याधी ही शरीरातील रसांच्या बिघाडातून नव्हे, तर पेशींच्या बिघाडातून जन्म घेते. त्यानंतर शवविच्छेदनाचे मेज आणि सूक्ष्मदर्शकाची काच ही वैद्यकाची खरी पाठशाळा झाली. अभ्यासकांनी आपले संघ स्थापन केले. ब्रिटन व आयर्लंड यांचा विकृतिशास्त्रीय संघ १९०६ सालचा, तर रोगांची यंत्रणा प्रयोगाने शोधणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांचा संघ १९१३ सालचा. आपल्याकडे मात्र परकीय राजवटीत हे शास्त्र बव्हंशी रुग्णालयाच्या तळघरातच राहिले. मृत्यूचे कारण नोंदवावे, विद्यार्थ्यांना चार नमुने दाखवावेत, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा असे.

अशा काळात, १३ एप्रिल १८९५ रोजी, वसंतरावांचा जन्म झाला. गोमंतकाशी नाते सांगणारे हे कुटुंब. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळविली. ज्या काळी विलायतेहून परतलेला हिंदी डॉक्टर बहुधा गिरगावात किंवा फोर्टात पाटी लावून रुग्ण पाहावयास बसे आणि अल्पावधीत सुखवस्तू होई, त्या काळी या तरुणाने पगारी अध्यापनाची वाट धरली. ज्या शास्त्रात रुग्ण हाताशी येत नाही, फी मिळत नाही आणि कीर्तीही नाही, ते त्याने आयुष्यभरासाठी निवडले. या निवडीमागे काय विचार होता हे आम्ही तर्काने सांगू इच्छित नाही. पुढील पन्नास वर्षांचे कामच त्याविषयी पुरेसे बोलते.

मुंबईत प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. या दुसऱ्या संस्थेचा जन्मच एका स्वाभिमानातून झाला होता. १९२६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात आणि त्यालगतच्या के.ई.एम. रुग्णालयात अध्यापक हिंदी असावेत, असा दात्यांचा आग्रह होता. कारण सरकारी महाविद्यालयांतून वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत. हिंदी माणसाला शिकविता येते हे सिद्ध करावयाचे होते, आणि नुसते शिकविता येते एवढेच नव्हे, तर संशोधनही करता येते हे दाखवावयाचे होते. पहिली गोष्ट अनेकांनी केली. दुसरी करणाऱ्यांत खानोलकरांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते टाटा स्मारक रुग्णालयामुळे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे संचालकपद खानोलकरांकडे आले. महायुद्धाचे दिवस, परदेशी उपकरणे येण्याची मारामार, रसायने दुर्मीळ. तथापि एक गोष्ट तेथे भरपूर होती, आणि ती जगात अन्यत्र मिळणे कठीण होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, नाना जातींचे, नाना धर्मांचे, नाना सवयींचे रुग्ण त्या एका दारातून आत येत होते.

येथेच खानोलकरांची दृष्टी दिसते. त्या काळी कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोग असून आपल्याकडे तो विरळा, असा समज सुशिक्षितांतही होता. खानोलकरांनी आलेल्या रुग्णांची नोंद नुसती वय आणि लिंग यांवर न थांबविता तो माणूस कोण, कोठला, काय खातो, काय चघळतो, कसे वस्त्र नेसतो, इथपर्यंत नेली. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९४५ साली त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांच्यासह दुसरा निबंध आला. त्यात चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले होते.

हे तीन प्रकार वाचकांनी जरा बारकाईने पाहावेत. पहिला आंध्र किनाऱ्यावरचा. तेथील काही लोक, विशेषतः स्त्रिया, चुट्टा नावाची ओबडधोबड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात. वाऱ्यात ती विझू नये, आणि काम करताना हात मोकळे राहावेत, अशी त्यामागील सोय. त्या धगीखाली नेमका टाळूवर कर्करोग होतो, जो अन्यत्र क्वचितच आढळतो. दुसरा बिहारकडचा. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून ती खैनी खालच्या ओठाच्या आत धरण्याची तेथे रीत, आणि रोग उद्भवतो तो त्याच खाचेत. तिसरा प्रकार तर आपल्या अगदी घरचा. कमरेला धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षे नेसले, घाम आणि घर्षण यांनी त्या जागेची त्वचा काळवंडली, खरखरीत झाली, आणि क्वचित कोणाच्या बाबतीत तेथे कर्करोग उत्पन्न झाला. वैद्यकाच्या ग्रंथांतून तो आज धोतराचा कर्करोग याच नावाने ओळखला जातो. पुढे लुगड्याच्या आणि परकराच्या नाडीखालीही तसेच घडते हे इतरांनी नोंदविले. आपल्या आजोबांच्या धोतराचा जागतिक वैद्यकात असा उल्लेख व्हावा, हे वाचून आम्हांला प्रथम हसू आले. नंतर मात्र ध्यानात आले, की अशा सामान्य गोष्टीकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

यातील तात्पर्य तिहींत एकच होते. रोग जेथे सवय तेथे, आणि सवय बदलली की त्याची जागा बदलते. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला तो १७७५ साली. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांविषयीचे डॉल आणि हिल यांचे गाजलेले इंग्रजी संशोधन १९५० सालचे. या दोहोंच्या मध्ये, आणि दुसऱ्याच्या पाच वर्षे अगोदर, परळच्या एका प्रयोगशाळेतून तंबाखूविषयीचा हा इशारा निघाला होता.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आपल्या गावाला अधिक जवळची आहे. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर या तिघांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तंबाखू ओढणे व चघळणे आणि घशाच्या व अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोग यांचा संबंध तपासला होता. रोगी आणि निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या सवयी समोरासमोर मांडून त्यांनी असे दाखविले, की चघळणाऱ्याला धोका मुख्यतः तोंडाच्या पोकळीत, विडी ओढणाऱ्याला जिभेच्या मुळाशी आणि घशात, आणि दोन्ही करणाऱ्याला सर्वांत अधिक. येथे ओढणे म्हणजे प्रामुख्याने विडी ओढणे. आणि विडी म्हणजे काय हे जबलपूरकराला सांगावयास नको. महाकोशलच्या जंगलातील तेंदूपत्ता उन्हाळ्यात तोडला जातो, आणि जबलपूर, सागर, दमोह या टापूतील असंख्य घरांतून बायाबापड्या सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत बसतात. त्यांवर त्यांची चूल पेटते. आपल्या भोवतालच्या माणसांचे पोट ज्या वस्तूवर चालते तीच वस्तू माणसांचा घसा जाळते, हे कटू सत्य त्या निबंधात आकड्यांनी मांडलेले होते.

त्या सत्याची दखल घेण्यास देशाला किती काळ लागला हे पाहिले म्हणजे खेद वाटतो. १९७५ साली सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापण्याचा कायदा झाला, परंतु त्यातून विडी सुटली, चघळावयाची तंबाखूही सुटली. सर्व प्रकारच्या तंबाखूला लागू होणारा कायदा २००३ साली आला. निबंध आणि कायदा यांत अठ्ठेचाळीस वर्षे गेली. विडी वळणाऱ्या हातांना दुसरे काम कोणते, हा प्रश्न तर आजही पुरता सुटलेला नाही, आणि त्याचे उत्तर विकृतिशास्त्रज्ञाने द्यावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

खानोलकरांचे सारेच निष्कर्ष टिकले असे मात्र नाही, आणि चरित्रकाराने तेही सांगितले पाहिजे. तोंडाच्या आतील त्वचा पांढरट व ताठर होऊन जबडा उघडेनासा होतो, असा एक विकार आपल्याकडे आढळतो. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ साली त्याचे वर्णन केले. हा विकार मिरचीच्या तिखटाने होत असावा, असा खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सत्यवती सिरसाट यांचा कयास होता. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील तिखट द्रव्य लावून त्यांनी प्रयोग केले आणि ते १९६० साली प्रसिद्ध केले. पुढील संशोधनाने खरा अपराधी वेगळाच ठरविला. ती होती सुपारी. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारी ही स्वतंत्रपणेच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. म्हणजे आपल्या जेवणातील ठेचा निर्दोष सुटला आणि जेवणानंतरचा विडा अडकला! मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती अशी बंदी घालणाऱ्या राज्यांत पहिली होती. तरी पानाच्या टपरीवर काय मिळते आणि काय नाही, हे वाचक जाणतातच. शास्त्रात चूक होणे हा दोष नव्हे. योग्य प्रश्न विचारून चुकीचे उत्तर आले तरी पुढील माणसाला वाट सापडते, आणि येथे तसेच झाले.

एकट्या माणसाने कितीही नमुने तपासले तरी शास्त्र उभे राहत नाही, ही जाणीव खानोलकरांना होती असे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते. देशात विकृतिशास्त्राचे अध्यापक विखुरलेले होते. लाहोर फाळणीत गेलेले, मुंबई, मद्रास, कलकत्ता आपापल्या ठिकाणी, आणि लहान शहरांतील माणूस तर सर्वस्वी एकाकी. एखादी अवघड गाठ समोर आली तर दुसऱ्याचे मत घ्यावे कोणाचे? अशा स्थितीत १९४९ साली भारतीय विकृतिशास्त्रज्ञांचा संघ स्थापन झाला आणि त्याचे संस्थापक अध्यक्षपद खानोलकरांकडे आले. सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांनाही सामावून घेऊन तो पुढे विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांचा अखिल भारतीय संघ झाला आणि आजही तो कार्यरत आहे. संघाचे स्वतःचे नियतकालिक १९५८ पासून निघू लागले. तोपर्यंत येथील संशोधकाला आपला निबंध विलायतेला धाडून तेथील संपादकाच्या मर्जीची वाट पाहावी लागे.

अशा संघाचे मोल बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. वर्षातून एकदा चारशे माणसे एका शहरी जमतात, भाषणे होतात, भोजने होतात, असे वरवर दिसते. आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाविषयीही परके असेच म्हणत असतील! परंतु काचपट्ट्यांची पेटी घेऊन आलेला एखाद्या जिल्ह्याच्या गावचा वैद्य तेथे आपल्याहून जाणत्यांपुढे ती काच ठेवतो, तीन जण तीन मते देतात, वाद होतो, आणि परत गेल्यावर त्याच्या हातून पुढील निदान अधिक अचूक होते. जबलपुरात १९५५ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देशभर अशी नवनवी महाविद्यालये निघत असताना त्यांतील विकृतिशास्त्राच्या विभागांना जोडणारा धागा आधीच तयार होता, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरी संस्था त्यांनी उभी केली ती १९५२ सालचे परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्र. त्याचे ते संचालक होते. त्या केंद्राची एक विशेषता आम्हांला फार मोलाची वाटते. बायांनी प्रयोगशाळेत येणे ही गोष्ट अद्याप अपवादात्मक होती, तेव्हा खानोलकरांच्या हाताखाली सूर्याबाई, सत्यवती सिरसाट आणि कमल रणदिवे अशा विदुषी स्वतंत्र संशोधक म्हणून वाढल्या. कमलताई मूळच्या पुण्याच्या समर्थांच्या. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याचे तंत्र त्यांनी या केंद्रात रुजविले आणि स्तनाच्या कर्करोगावर दीर्घ संशोधन केले. सिरसाटबाईंनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा जीवशास्त्रीय उपयोग येथे सुरू केला. संघवी हे आनुवंशिकीचे अभ्यासक. त्यांनी आणि खानोलकरांनी मुंबईतील आपसांतच विवाह करणाऱ्या सहा समूहांची सात आनुवंशिक लक्षणे तपासून १९४९-५०च्या सुमारास निबंध लिहिला. रक्ताच्या गटांतून समाजाचा इतिहास वाचण्याचा आपल्याकडील हा आरंभीचा प्रयत्न होय. आज जबलपुरातच आदिवासींच्या आरोग्याविषयी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. १९८४ साली तिचा प्रारंभ झाला, आणि रक्तातील आनुवंशिक दोष हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे.

कर्करोगाच्या जोडीने खानोलकरांनी कुष्ठरोगाचाही पाठपुरावा केला. तो त्या काळी वैद्यकापेक्षा लज्जेचा विषय होता. रोगाचे पहिले फिकट चट्टे दिसू लागताच त्वचेच्या आत नेमके काय घडते, जंतू मज्जातंतूंत कसा शिरतो आणि बधिरता कशी येते, याचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला आणि १९५१ साली तो ग्रथित केला. हा रोग त्वचेचा जितका त्याहून अधिक मज्जातंतूंचा आहे, हे त्या अभ्यासातून ठसले. १९५८ साली चिं. वि. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या शरीरातून एक जंतू काचपात्रात वाढविल्याचे प्रसिद्ध केले. हान्सेन यांनी १८७३ साली दाखविलेला कुष्ठजंतू प्रयोगशाळेत वाढविण्याची जगभर धडपड चालू असल्याने मोठी खळबळ उडाली. हा तोच जंतू नव्हे, त्याचा एक दूरचा भाऊबंद आहे, असे पुढे ठरले. खरा कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात आजतागायत वाढलेला नाही. परंतु त्या भाऊबंदापासूनच केंद्राने पुढे लस तयार केली, आणि दक्षिण भारतातील तौलनिक चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. बी.सी.जी.ने एकटीने दिलेले संरक्षण त्याच्या जवळपास निम्मे होते. तोपर्यंत बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचे रूपच पालटले होते, म्हणून लसीचा गाजावाजा झाला नाही.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. शासनाने पद्मभूषण दिले, वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. अणुकिरणांच्या परिणामांविषयी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताच्या वतीने काम केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. शंभरांहून अधिक शोधनिबंध आणि तीन ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. या यादीत आम्ही अधिक रमत नाही, कारण कुलगुरू पुष्कळ होतात.

१९६२ साली टाटा रुग्णालय आणि संशोधन केंद्र ही दोन्ही अणुशक्ती विभागाकडे आली आणि १९६६ साली एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र झाले. रोग्याची खाट आणि संशोधकाचे मेज एकाच छपराखाली असावे, हे सूत्र त्यायोगे कायम झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, खानोलकर निवर्तले. परळची जागा अपुरी पडू लागल्यावर संशोधनाचा पसारा या शतकाच्या आरंभी नव्या मुंबईत खारघरच्या टेकडीवर गेला. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे. आपल्यापैकी अनेकांना रुग्णासह त्या आवारात जावे लागते. गेल्यावर ती पाटी अवश्य पाहावी.